दुसरं वाचन

शुब्रा, कैरो
शुक्रवार, ६ मार्च १९९८

प्रिय नसीफमामा,

सलाम. तुमचा खोकला गेला असेल आणि मिन्याच्या गच्चीवर आता दुपारचं ऊन खात बसता येत असेल, अशी आशा करते. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही, म्हणून पत्रच बरं.

इथे सगळं ठीक आहे, आईचा गुडघा सोडून. जिना चढताना ती प्रत्येक पायरीला एकेका संताचं नाव घेते, आणि आपण चौथ्या मजल्यावर राहत असल्यामुळे एकही संत सुटत नाही. मोठा उपास सुरू झाल्यापासून घरात रोज बिसारा, तोच वाटलेल्या डाळीचा हिरवा गोळा. परवा मी म्हटलं, आई, आज दुसरं काही कर. तर म्हणाली, "उपास तुझ्या जिभेचा आहे, माझ्या डोक्याचा नाही."

आता तुमची बातमी. आपल्या विभागप्रमुख डॉ. ऐदांनी तुम्हाला कळवलंच असेल की दोन मे नक्की झाला आहे. आपल्या वर्णपटाच्या प्रयोगशाळेला तुमचं नाव देणार. संगमरवरी पाटी करायला टाकली आहे. डॉ. ऐदा म्हणतात की मी दहा मिनिटं बोलायचं, तुमची भाची म्हणून आणि तुमची शेवटची विद्यार्थिनी म्हणूनही. माझा प्रबंध जूनमध्ये सादर होईल. त्यातलं तिसरं प्रकरण शहाऐंशी साली तुम्ही शोधलेल्या आर्गॉनच्या रेषेवर आहे, हे तुम्हाला माहीत आहेच.

नवा डिटेक्टर बसला. आता फोटोच्या काचा नाहीत, अंधारी खोली नाही, बोटांना औषधाचा वास नाही. सगळी हयात त्या अंधाऱ्या खोलीत काढलेले सब्रीकाका मात्र नाराज आहेत. "आमच्या वेळी एकेका रेषेला तीन दिवस मनवावं लागायचं," म्हणतात. "आता बटण दाबलं की हजर. अशा रेषेची काय इज्जत?" तुम्हाला त्यांनी सलाम सांगितला आहे.

तुमची रेषाही नव्या डिटेक्टरवर दिसते. छान दिसते. विजेच्या पहिल्या वीस-पंचवीस शॉटना तर फारच छान.

दोन लहान प्रश्न विचारते, फक्त प्रकरणातली नोंद पूर्ण व्हावी म्हणून. शहाऐंशी साली ग्रेटिंगपुढे जो वर्ख धरला होता तो ॲल्युमिनियमचाच होता ना? आणि निर्वात पेटी उघडून बंद केल्यानंतर कितव्या शॉटला ती रेषा मिळाली, हे कुठे लिहून ठेवलं आहे का? तुमच्या वहीत मला सापडलं नाही. माझं शोधण्यात चुकलं असेल. तुम्ही म्हणाल ही पोरगी उगाच कुरतडत बसते. खरं आहे, लहानपणापासूनची सवय आहे माझी. काळजीचं काही नाही.

आई सलाम सांगते आणि विचारते की वाळलेली भेंडी पाठवू का.

तुमचे हात चुंबते.
दिमियाना


शुब्रा
शुक्रवार, २७ मार्च १९९८

प्रिय मामा,

सलाम. तुमचं चार ओळींचं उत्तर मिळालं. आईला वाचून दाखवताना तिसरी ओळ मी गाळली.

तुम्ही लिहिलंत: "वर्ख ॲल्युमिनियमचा. शॉट मोजले नव्हते. ॲल्युमिनियम काय अडवतं हे तुला अकराव्या वर्षी शिकवलं आहे. पदव्या मिळाल्या की माणूस विसरतो असं दिसतं. बहिणीच्या गुडघ्याला गरम मिठाचा शेक दे."

मी विसरलेले नाही. संधिवाताच्या तापाने मला नवव्या वर्षी अंथरुणाला खिळवलं, डॉक्टरांनी शाळा बंद केली, चौदाव्या वर्षापर्यंत तुम्हीच माझी शाळा होता. वरच्या मजल्यावरून पायऱ्यांवर चपला वाजल्या की मी उशी पाठीला लावून बसायची. तुम्ही दारातून म्हणायचा, "काय डॉक्टरीणबाई, आज किती खोटं बोलली नाडी?" ग्रेटिंग म्हणजे काय ते तुम्ही मला असं सांगितलंत: ती चहाडखोर शेजारीण आहे. एका घरातली बातमी ती दुप्पट लांबच्या घरीही पोचवते. एकशे त्र्याहत्तर अँगस्ट्रॉमच्या जागेची रेषा तीनशे सेहेचाळीसच्या जागेवरही उमटते, आणि भोळा माणूस समजतो की तिथे कुणी नवीन राहायला आलं. म्हणून मध्ये वर्ख धरायचा. ॲल्युमिनियमचा वर्ख एकशे सत्तरच्या खालचं सगळं अडवतो.

खालचं अडवतो, मामा. त्र्याहत्तर खाली नाही. एकशे सत्तरच्या वर तोच वर्ख दार सताड उघडतो. हे तुम्ही मला सांगितलं नाहीत. मला वाटतं, तुम्ही ते स्वतःलाही सांगितलं नाहीत.

आता लिहूनच टाकते. मी मॅग्नेशियमचा वर्ख मागवला होता. तो अडीचशेच्या खालचं काहीच जाऊ देत नाही. तो लावून साठ शॉट घेतले, आठ दिवस, प्रत्येक वेळी आर्गॉन नवा. तीनशेच्या पुढच्या बाकी सगळ्या रेषा आपापल्या जागी उभ्या होत्या, फक्त तुमची नव्हती. मला वाटलं माझंच काही चुकलं. वर्ख उलटा लावून पाहिला, डिटेक्टर हलवून पाहिला, दुसऱ्या विभागातला मापक उसना आणला. मग क्ष-किरणांच्या बाजूने तपासलं. स्फटिकावरचा वर्णपट सांगतो की आपल्या यंत्रात प्लाझ्मा तेवढा तापतच नाही. आर्गॉनचे तितके इलेक्ट्रॉन गळायचा प्रश्नच येत नाही.

तो ऑक्सिजन आहे. भिंतींना चिकटलेलं पाणी आणि मधल्या विद्युताग्राभोवतीची काचेची नळी, यांतून येणारा. पेटी उघडली की पहिल्या शॉटना भरपूर, भिंती कोरड्या होत गेल्या की कमी कमी. बारा वर्षं आपण पाण्याला आर्गॉन म्हणत आलो.

"आपण" मी मुद्दाम लिहिलं. कारण दुसरं वाचन माझं होतं.

आपल्या प्रयोगशाळेची ही शिस्त तुम्हीच घालून दिलीत की प्रत्येक काच दोघांनी मोजायची, एकाने दुसऱ्याचा आकडा पाहायचा नाही, दोन पाकिटं एकत्र उघडायची. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात तुमच्या हाताखाली कुणी विश्वासाचं नव्हतं, म्हणून मोजणीचा मायक्रोस्कोप तुम्ही आमच्या जेवणाच्या टेबलावर आणलात आणि दुसरी वाचक मी झाले. मी बारा वर्षांची होते. निबंधात छापलंय, "दुसरं स्वतंत्र वाचन: दि. बु." ती दोन अक्षरं मी उशीखाली घेऊन झोपत होते.

मी तुमचा आकडा पाहिला नव्हता, हे खरं आहे. पण मी पहिल्यांदा लिहिलं होतं तीनशे सेहेचाळीस पूर्णांक पंधरा शतांश. तुम्ही पाकीट उघडलं नाहीत, फक्त उजेडासमोर धरलंत आणि म्हणालात, "डॉक्टरीणबाई, मायक्रोस्कोपमधली तार रेषेच्या मधोमध हवी, कडेला नको. पुन्हा बघ." मी पुन्हा पाहिलं. सहा वेळा पाहिलं. प्रत्येक वेळी थोडं उजवीकडे. सहाव्यांदा चाळीस शतांश लिहिलं तेव्हा तुमच्या कपाळावरची आठी गेली आणि साखरेचा बदाम मिळाला. मी काच वाचत नव्हते, मामा, तुमचा चेहरा वाचत होते. तो मला काचेपेक्षा चांगला वाचता यायचा.

गेल्या आठवड्यात कपाटातून त्या जुन्या काचा काढून मोजल्या. सगळ्या. सोळा शतांश. बारा वर्षांच्या आजारी मुलीची एका शतांशाची चूक होती. तुमच्या-माझ्या निबंधाची चोवीस शतांशांची.

मी हे डॉ. ऐदांना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

"कुणाकुणाला बोललीस?"

"कुणालाच नाही."

"देवाची कृपा. हे बघ दिमियाना, दोन मेला समारंभ होऊ दे. तीन मेला तुला काय शोधायचं ते शोध."

"पण मॅडम, पाटीवर 'रेषेचे शोधकर्ते' असं कोरताहेत."

"मग संगमरवराला वाचता येतं का?" त्या म्हणाल्या. "वाचतात माणसं, आणि माणसं चहा पिऊन घरी जातात."

चर्चमध्ये अबूनांकडे पापनिवेदनाला गेले, तिथेही हेच. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "रेषा चोरलीस का मुली?" म्हटलं, नाही अबूना, सरकवली. त्यांनी विचारलं, "कुणाच्या शेताची हद्द होती का?" मी नाही म्हटलं. तेव्हा दहा वेळा प्रार्थना म्हण म्हणाले, आणि आईचा गुडघा कसा आहे ते विचारलं.

पण हद्द कुणाची तरी होतीच. म्हणून मागच्या शुक्रवारी मी दमनहूरला जाऊन आले. हिल्मी अब्दुल-बाकीला भेटायला. चिडू नका, चिडायचं असेल तर पत्र पूर्ण वाचून चिडा.

तुम्ही ज्याला "घाणेरड्या हातांचा हिल्मी" म्हणायचा तो. त्याने सत्त्याऐंशी साली तुमची रेषा पुन्हा मोजायला घेतली आणि त्याला आढळलं की पेटी स्वच्छ होत जाते तशी रेषा फिकट होते. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत सगळ्यांदेखत तुम्ही म्हणाला होतात, "भिंती घासल्याने आर्गॉन मरत नाही, साहेब. मरत असता तर आमच्या मोलकरणीला आधी डॉक्टरेट दिली असती." ही गोष्ट तुम्ही घरी जेवताना सांगितली होतीत. मी पोट धरून हसले होते.

तो आता मुलांच्या शाळेत शिकवतो. पंचेचाळिशीचा असेल, केस सगळे पिकलेत. मी तुमची भाची आहे म्हटल्यावर दारातच म्हणाला, "अकरा वर्षांनी माझ्या काचा तपासायला आलात? आधी कळवलं असतंत तर पुसून ठेवल्या असत्या."

मी त्याला सगळे आलेख दाखवले. त्याने चष्मा लावला, एकेक पाहिला, मॅग्नेशियमच्या वर्खाच्या आलेखावर बोट ठेवलं. मग आत हाक मारली, "नग्वा! ऐकलंस का? मी बरोबर होतो!"

आतून बायको म्हणाली, "मग संध्याकाळच्या शिकवण्या बंद करायच्या का?"

"नाही."

"मग पाहुणीच्या चहात साखर किती ते विचारा."

तो हसला. मला हसता आलं नाही. तो म्हणाला, "साहेबांवर माझा एवढा राग नाही, डॉक्टर. मोठा माणूस होता, स्वतःच्या रेषेवर त्याचा जीव होता. माझा राग आहे तो त्या दुसऱ्यावर. दि. बु.वर. त्याला यातून काय मिळायचं होतं? त्याने तरी खरं सांगायचं."

मी चहा प्यायले. साखर खूप होती. 

निघताना त्याने एक कागद दाखवला. त्याबद्दल आज नको.

मामा, तुम्ही मला एकच सांगा: मी हे तुमच्या नावाने लिहू की माझ्या? तुम्ही स्वतः दोन ओळी लिहून पाठवल्यात तर ती दुरुस्ती तुमची ठरेल. मोठी माणसं स्वतःच्या चुका स्वतः छापतात आणि त्याने ती लहान होत नाहीत. हेही तुम्हीच शिकवलं आहे. मी वाट पाहते.

तुमचे हात चुंबते.
दिमियाना


शुब्रा
पवित्र गुरुवार, १६ एप्रिल १९९८

मामा,

सलाम. तुमची तब्येत बरी आहे असं आईकडून कळलं. या वेळी तुमचं पत्र लांब होतं, दोन पानं, आणि अक्षर कुठेही हललेलं नाही. पहिलं पान माझ्या आजारपणावर होतं: माझ्या उशाशी कोण बसलं, औषधं कुणी आणली, लग्न कुणी केलं नाही. त्यातलं एकही वाक्य खोटं नाही. मी ते आईला पूर्ण वाचून दाखवलं आणि आम्ही दोघी रडलो.

दुसरं पान मी तिला दाखवलं नाही. तुम्ही लिहिलंत: "प्रबंधात लिही की दुसऱ्या वाचकाच्या मोजणीत चूक झाली असावी. दि. बु. कोण हे आज कुणालाही ठाऊक नाही, कुणी विचारणार नाही. तुझं काम सुटेल, माझं नाव राहील, ऐदाची पाटी लागेल. त्या माणसाचं नाव मात्र माझ्या दारात आणू नकोस."

पत्र आलं त्या दिवशी मी हे तीन वेळा वाचलं, कारण मला वाटलं मीच चुकीचं वाचतेय. तुम्ही खरंच समजता की तुम्ही मला वाट काढून देताय. दि. बु. तुमच्यासाठी कुणीच नव्हतं. ती होती रिकामी खुर्ची, आणि शिस्त पाळली असं दिसावं म्हणून तिच्यावर तुम्ही एक आजारी मुलगी बसवलीत. आता ती खुर्ची पुन्हा कामाला येतेय.

त्या कागदाबद्दल आता लिहिते. तुम्हाला आठवणार नाही. मलाही त्या दिवसापर्यंत आठवत नव्हतं, किंवा आठवायचं नव्हतं.

हिल्मीने सत्त्याऐंशीच्या मार्चमध्ये, तोंडी परीक्षेच्या आधी, प्रयोगशाळेच्या पत्त्यावर दि. बु.ला पत्र लिहिलं होतं. त्यात एकच प्रश्न होता: तुम्ही तुमचा आकडा लिहिण्यापूर्वी पहिल्या वाचकाने तुम्हाला पुन्हा मोजायला सांगितलं होतं का? एवढंच. मामा, किती नेमका प्रश्न होता तो. इतका नेमका प्रश्न आपल्या प्रयोगशाळेत नंतर कुणी विचारला नाही.

त्याला उत्तर आलं. ते त्याने अकरा वर्षं जपून ठेवलं आहे. "महाशय, माझं वाचन स्वतंत्र आहे आणि त्यात बदल होणार नाही. अस्वच्छ हातांनी स्वच्छ मोजमाप होत नसतं. दि. बु."

समास दोन बोटं सोडलेला. ओळी सरळ. प्रत्येक अक्षर गोल, सावकाश काढलेलं. माझं अक्षर.

ते तुम्ही एका सोमवारी सकाळी मला श्रुतलेखनाला घातलं होतं. मी विचारलं होतं, "मामा, महाशय कोण?" तुम्ही म्हणालात, "एक काल्पनिक माणूस." मी लिहून दिलं. तुम्ही कागद लांब धरून पाहिलात आणि म्हणालात, "वा, डॉक्टरीणबाई. हे पोस्टात टाकायच्या लायकीचं अक्षर आहे." मला वाटलं तुम्ही माझं कौतुक करताय. दिवसभर मी खूश होते.

परीक्षेत तुम्ही सांगितलंत की दुसऱ्या वाचकाने लेखी ग्वाही दिली आहे. हिल्मीने स्वतःच ते पत्र खिशातून काढून टेबलावर ठेवलं, कारण तो प्रामाणिक होता. त्याचा प्रबंध त्याच दुपारी नाकारला गेला.

मागच्या शुक्रवारी मी पुन्हा दमनहूरला गेले. पहिल्या भेटीत जे बोलले नव्हते ते बोलले. त्याच्यासमोर त्याच्याच वहीवर ती दोन वाक्यं लिहून दाखवली. माझं अक्षर अजून फारसं बदललेलं नाही.

त्याने तो जुना कागद शेजारी ठेवून अक्षरं ताडून पाहिली. मग विचारलं, "किती वर्षांची होतीस?" मला तो "तुम्ही" म्हणत होता, तेव्हा पहिल्यांदा "तू" म्हणाला.

"तेरा. चौदावं लागत होतं."

"म्हणजे मी अकरा वर्षं एका पोरीवर दात धरून होतो."

मी माफी मागितली. मला वाटलं होतं की तो म्हणेल, जाऊ दे, तू लहान होतीस. सगळे तेच म्हणतात. तुम्हीही तेच लिहिलंत. तो म्हणाला, "आता मी रागवायचं कुणावर? सकाळी उठून वर्गात जायला माणसाला काहीतरी लागतं. माझ्याकडे तेवढंच होतं, तेही तू घेऊन चाललीस."

त्याची बायको दारात उभी होती. त्या दिवशी तिने चहाचं विचारलं नाही.

मला वाटत होतं, सत्य सापडलं की कुणाचं तरी भलं होईल. तसं काही झालेलं नाही. हिल्मीला प्रयोगशाळा परत मिळणार नाही. त्याला पुन्हा प्रबंध लिहायचा का, असं विचारलं, तर म्हणाला की धाकट्या मुलीची यंदा बारावी आहे. डॉ. ऐदांनी मला दोन गोष्टींतली एक निवडायला सांगितली: तिसरं प्रकरण काढ, नाहीतर प्रबंध यंदा नाही. मी प्रकरण ठेवलं. मागच्या बुधवारी त्यांनी प्रयोगशाळेची किल्ली मागून घेतली. सब्रीकाकांनी ती माझ्या हातातून घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरी, घरातल्या माणसाचं धुणं कुणी रस्त्यावर वाळत घालतं का?" या सगळ्यात एकट्या त्यांनीच मला तोंडावर सुनावलं, म्हणून मला त्यांचा राग आला नाही.

दोन मेला मी बोलणार नाही. पाटी लागेल, ती संगमरवराची आहे, तिला काही होत नाही.

मी दोन पानांची टिपणी त्याच नियतकालिकाकडे पाठवली आहे, जिथे आपला निबंध छापला होता. काल पोस्टात टाकली. आता परत घेता येणार नाही, म्हणून तुम्हाला आज सांगते. तिच्यात मॅग्नेशियमचा वर्ख आहे, जुन्या काचांची नवी मोजणी आहे, क्ष-किरणांचा आलेख आहे. स्वच्छतेबरोबर रेषा फिकट होते हे निरीक्षण प्रथम हिल्मी अब्दुल-बाकी यांनी १९८७ मध्ये केलं, असं पूर्ण नावाने लिहिलं आहे. शेवटच्या परिच्छेदात आहे: दुसरं वाचन स्वतंत्र नव्हतं. ते पहिल्या वाचकाच्या बारा वर्षांच्या भाचीने, त्यांच्या समोर बसून, सहा वेळा दुरुस्त करून केलं होतं. आणि खाली माझं नाव, बापाच्या नावासकट.

हे वाक्य मी किती वेळा लिहिलं आणि खोडलं ते सांगत नाही. एकदा "भाची" काढून "नातेवाईक" लिहिलं. एकदा "त्यांच्या समोर बसून" काढलं. मग लक्षात आलं की मी पुन्हा तुमच्या कपाळाकडे बघत तार सरकवतेय. तेव्हा सगळं होतं तसं ठेवलं.

तुम्ही मुद्दाम केलंत असं मी कुठेही लिहिलेलं नाही. मला ते माहीत नाही. ॲल्युमिनियमच्या बाबतीत तुम्ही फसलात, यावर माझा विश्वास आहे. तीन अँगस्ट्रॉमच्या फटीतून कुणीही फसेल. सहा वेळा तार सरकवण्याच्या बाबतीत तुम्हाला खरंच वाटलं असेल की मी कडेवर ठेवतेय. यावरही विश्वास ठेवायचा प्रयत्न करते. पण त्या सोमवारच्या श्रुतलेखनाला मला काही कारण सापडत नाही. रोज रात्री एक शोधते, सकाळी ते टिकत नाही.

आईला सगळं कळलं आहे. चार दिवस ती माझ्याशी बोललेली नाही, फक्त ताट पुढे सरकवते. परवा शनिवारी सकाळच्या गाडीने ती सणासाठी तुमच्याकडे येते आहे, एकटी. कहकची बिस्किटं तिने भरून ठेवली आहेत, तुम्हाला आवडतात तशी खजुराची. ती तुमच्या बाजूची आहे, तिला माझ्यावरून बोलू नका. गुडघ्यामुळे तिला स्टेशनच्या पुलावर हात द्यावा लागतो, परतीच्या दिवशी कुणाला तरी बरोबर पाठवा. हे पत्र मी तिच्याबरोबर दिलं नाही, पोस्टाने पाठवते आहे; तिने वाटेत फाडलं असतं.

मी सणाला येणार नाही. यावं की नाही हे तुम्ही ठरवण्याआधी मीच ठरवलं.

निघताना मी हिल्मीला विचारलं होतं की त्याला काय हवंय. मला वाटलं म्हणेल, काही नको. तो म्हणाला, "साहेबांचं एक पत्र. या वेळी त्यांच्या स्वतःच्या हातचं. आत काय लिहायचं ते त्यांचं ते ठरवू देत. शिव्या दिल्या तरी चालतील."

म्हणून माझ्या या पत्राला उत्तर लिहू नका. तुमच्याकडे एकाच पत्राएवढी शाई असेल असं समजा आणि ती या पत्त्यावर खर्च करा:

श्री. हिल्मी अब्दुल-बाकी, भौतिकशास्त्र शिक्षक, मुलांची माध्यमिक शाळा, दमनहूर.

सण आनंदात जावो.

तुमची भाची. विद्यार्थिनी होते, ती या पत्राबरोबर संपली.
दिमियाना बुतरस